गोदावरीवरचे जलपाश

चांदवडच्या उत्तरेला राहुड घाट आहे. मुंबई-आग्रा रस्त्याने मालेगावकडे जाताना हा घाट लागतो. घाटमाथ्यावर उभे राहिले, की शाळेत शिकवण्याजोगी एक गोष्ट पायाखाली असते. आपल्या दक्षिणेला पडलेला पाऊस ओढ्यानाल्यांनी गोदावरीत जातो आणि पार बंगालच्या उपसागराला मिळतो. उत्तरेला पडलेला पाऊस गिरणेत, गिरणेतून तापीत आणि शेवटी अरबी समुद्रात जातो. सातमाळ्याची ही रांग म्हणजे दोन समुद्रांमधला बांधच आहे.

काही दिवसांपूर्वी चांदवडच्या शिक्षकांबरोबर याच विषयावर गप्पा चालल्या होत्या. बारावीतला एक मुलगा ऐकत होता. त्याने विचारले, "सर, गोदावरी इथून थेट समुद्राला जाते, तर नाशिकहून नावेत बसून राजमहेंद्रीला का जाता येत नाही? इंग्लंडात तर लोक नदीतून गावोगाव जातात."

प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नव्हता. दीडशे वर्षांपूर्वी काही हुशार इंजिनिअरांना नेमका हाच प्रश्न पडला होता. त्यांनी गोदावरीवर इंग्लंडातल्यासारखे जलपाश बांधायला घेतले, आणि ते काम अर्ध्यावर सोडून दिले. तेव्हाची कामे ज्या पट्ट्यात चालली, त्याचा काही भाग आज आपल्या गडचिरोली जिल्ह्यात आहे. ती हकीकत सांगण्यापूर्वी जलपाश म्हणजे काय ते पाहू.

पाण्याचा जिना

नदी उताराने वाहते. उतार जास्त असेल तर पाणी वेगाने धावते आणि पात्र उथळ राहते. नाव चालवायला संथ आणि खोल पाणी हवे. म्हणून नदीवर ठिकठिकाणी बंधारे घालायचे. बंधाऱ्यामागे पाणी तुंबते, खोली मिळते, वेग कमी होतो. नदीचा उतार मग जिन्याच्या पायऱ्यांसारखा होतो: लांबच लांब सपाट पाणी, मग एकदम उडी, पुन्हा सपाट पाणी. पण या उडीवरून नाव कशी न्यायची?

इंग्लंडातील टेम्स नदीवर जुन्या काळी यावर एक धाडसी उपाय होता. बंधाऱ्यात एक खिंडार ठेवलेले असे आणि ते फळ्यांनी बंद केलेले असे. नाव आली की फळ्या काढायच्या. तुंबलेले पाणी धो धो सुटे, आणि खाली जाणारी नाव त्या लोंढ्याबरोबर सुसाट निघे. वर येणाऱ्या नावेला दोर बांधून, रहाट फिरवून तिला लोंढ्याविरुद्ध ओढून घ्यावे लागे. नावा उलटत, माणसे बुडत. शिवाय बंधाऱ्याच्या पाण्यावर ज्यांच्या पिठाच्या चक्क्या चालत, ते गिरणीवाले आणि नावाडी यांची भांडणे कायमची. एकाने पाणी सोडले की दुसऱ्याची चक्की बंद!

जलपाशाने हा तंटा बराचसा मिटवला. कल्पना साधी आहे. बंधाऱ्याच्या बाजूला एक लांबट हौद बांधायचा आणि त्याच्या दोन्ही टोकांना दारे बसवायची. नाव खालून आली की खालचे दार उघडे ठेवून तिला हौदात घ्यायचे आणि दार लावायचे. मग वरच्या बाजूची छोटी मोरी उघडायची. वरचे पाणी हळूहळू हौदात येते, आणि त्याबरोबर नावही वर उचलली जाते. हौदातील आणि वरच्या नदीतील पातळी एक झाली, की वरचे दार उघडायचे. नाव पुढच्या पायरीवर पोहोचली. खाली जायचे असेल तर हाच क्रम उलटा. पंप नाही, इंजिन नाही. सगळे काम गुरुत्वाकर्षण करते.

दोन दारांचा असा हौद प्रथम चीनमध्ये झाला. इ.स. ९८४ मध्ये चियाओ वेइयुए नावाच्या अधिकाऱ्याने तो तिथल्या मोठ्या कालव्यावर बांधला. युरोपात त्याला चांगले दार मिळाले ते पंधराव्या शतकाच्या अखेरीस. मिलान शहरातल्या कालव्यांवरील या दारांचे श्रेय लिओनार्दो द विंचीला देतात. टेम्सवर ऑक्सफर्डजवळ इफ्ली आणि सँडफर्ड येथे असे जलपाश १६३० च्या दशकात झाले. आज टेम्सवर ४५ जलपाश आहेत.

लिओनार्दोच्या दारातली युक्ती वर्गात सांगण्यासारखी आहे. दाराला दोन झडपा असतात. बंद झाल्यावर त्या सरळ रेषेत येत नाहीत, तर वरच्या पाण्याकडे टोक करून मिटतात. जणू पाण्याच्या दिशेने रोखलेला बाणच. पाण्याचा दाब जितका जास्त, तितक्या त्या झडपा एकमेकींवर घट्ट दाबल्या जातात. हा दाब किती असतो? समजा दार ६ मीटर रुंद आहे, एका बाजूला ३ मीटर खोल पाणी आहे आणि दुसरी बाजू रिकामी आहे. दाब पृष्ठभागाशी शून्य आणि तळाशी सर्वात जास्त, म्हणून सरासरी १.५ मीटर पाण्याचा धरू. दाराचे क्षेत्रफळ १८ चौरस मीटर. म्हणजे एकूण भार १.५ गुणिले १८, अर्थात २७ घनमीटर पाण्याच्या वजनाएवढा: २७ टन! दहा बैलजोड्या जुंपल्या तरी हे दार उघडणार नाही. पण दोन्ही बाजूंची पातळी समान झाली की एकटा माणूस लाकडी दांड्याला पाठ लावून ते सहज ढकलतो.

महाराष्ट्रात जलपाश अगदीच नाही असे नाही. मुंबई बंदराच्या इंदिरा गोदीच्या तोंडाशी मोठा जलपाश आहे. तिथे प्रश्न नदीच्या उताराचा नसून भरती-ओहोटीचा आहे. बाहेर ओहोटी असली तरी गोदीतले पाणी खोल राहावे म्हणून ही दारे.

कापूस आणि कॉटन

आता गोदावरीकडे वळू. राजमहेंद्रीजवळ धवळेश्वरम येथे आर्थर कॉटन या इंजिनिअरने १८४७ ते १८५२ या काळात गोदावरीवर मोठा बंधारा बांधला. दुष्काळाने गांजलेला त्रिभुज प्रदेश त्यामुळे भिजू लागला. आंध्रात आजही लोक कॉटनचे नाव आदराने घेतात. त्याच्या कालव्यांचे वैशिष्ट्य असे, की ते केवळ शेताला पाणी देण्यासाठी नव्हते. त्यांवर जलपाश होते आणि त्यांतून मालाच्या नावा चालत. पाण्यावरून माल नेणे रेल्वेपेक्षा फार स्वस्त पडते, असे कॉटनचे ठाम मत होते. हिंदुस्थानात रेल्वेऐवजी कालवे आणि नद्या यांवर पैसा घालावा, हे तो जन्मभर सांगत राहिला.

त्रिभुज प्रदेशातील यशानंतर त्याची नजर वर गेली. वऱ्हाड आणि नागपूर भागात उत्तम कापूस पिके. हिंगणघाटचा कापूस तर नावाजलेला. पण तो बंदरात न्यायचा कसा? त्या काळी तो बैलांच्या पाठीवर लादून, तांड्यांनी, महिनोन्महिने चालत मुंबईला किंवा मिर्झापूरला जाई. वाटेत धूळ बसे, पाऊस लागे. नकाशा पाहिला तर वर्धा नदी याच कापसाच्या मुलखातून वाहते. पुढे वर्धा आणि वैनगंगा मिळून प्राणहिता होते आणि प्राणहिता सिरोंचाजवळ गोदावरीला मिळते. म्हणजे कापसाच्या शेतापासून समुद्रापर्यंत निसर्गानेच रस्ता आखून ठेवलेला! कॉटन आडनावाच्या माणसाला कापसासाठी हा रस्ता खुणावावा, हा एक गमतीचा योगायोग.

नदीच्या या वरच्या भागाची पाहणी हेग नावाच्या इंजिनिअरने केली आणि पुढे कामही त्याच्याच देखरेखीखाली चालले. त्याला तीन मोठे अडथळे आढळले. कठीण खडकांचे पट्टे पात्रात आडवे आलेले आणि त्यांवरून नदी खळखळत उतरणारी. पहिला अडथळा भद्राचलमच्या वर दुम्मागुडेम येथे, दुसरा इंद्रावतीच्या संगमाखाली इंचमपल्ली येथे आणि तिसरा प्राणहितेवर देवलमरी येथे. देवलमरी आज गडचिरोली जिल्ह्यात येते. इंचमपल्ली तर महाराष्ट्राच्या अगदी सीमेवर. योजना अशी होती: प्रत्येक अडथळ्यापाशी बंधारा घालायचा, बाजूने कालवा काढायचा आणि कालव्यावर जलपाश बांधून नावा वरखाली न्यायच्या. दोन अडथळ्यांच्या मध्ये मात्र नावा नदीतूनच जाणार.

या योजनेने नकाशासुद्धा बदलला. १८६० च्या तहात निजामाने गोदावरीच्या डाव्या तीरावरचा मुलूख इंग्रजांना दिला आणि नदीवरच्या मालाला जकात माफ झाली. सिरोंचा हे या मुलखाचे ठाणे झाले आणि 'अपर गोदावरी' या नावाचा जिल्हाही निघाला. १८७४ मध्ये भद्राचलमचा भाग मद्रास इलाख्याला दिला गेला. सिरोंचा मध्य प्रांतात राहिले. आज ज्या तालुक्यात तेलुगू आणि मराठी दोन्ही कानावर पडतात, तो महाराष्ट्रात आहे, यामागे इतर कारणांबरोबर ही गोदावरीची जलवाहतूकही आहे.

१८६१ मध्ये अमेरिकेत यादवी युद्ध पेटले. लँकेशायरच्या गिरण्यांना येणारा अमेरिकी कापूस थांबला आणि हिंदुस्थानच्या कापसाला सोन्याचा भाव आला. गोदावरीच्या कामाला जोर चढला. मध्य प्रांताचा चीफ कमिशनर रिचर्ड टेंपल हाही या योजनेचा पुरस्कर्ता होता. सर्वांत पुढे गेले ते दुम्मागुडेमचे काम. तिथे बंधारा, कालवा आणि जलपाश उभे राहिले. वरच्या अडथळ्यांवरची कामे रखडली. घनदाट अरण्य, मजुरांची टंचाई आणि हिवताप यांनी काम करणारांना जेरीस आणले. अखेर ऑक्टोबर १८७१ मध्ये सरकारने ही योजना सोडून दिली.

कोण हरले, कोण जिंकले?

नेहमी सांगितले जाणारे उत्तर असे: रेल्वे जिंकली. ते खरेही आहे. थळ घाटातला लोहमार्ग १८६५ मध्ये खुला झाला. पुढे नाशिक, मनमाड, भुसावळ करत गाडी १८६७ मध्ये नागपूरला पोहोचली. चांदवडहून मनमाड किती जवळ! गोदावरीवरच्या जलपाशांना ज्या रुळांनी निरुपयोगी ठरवले, ते आपल्या शेजारूनच जातात. शिवाय १८६५ मध्ये अमेरिकेतले युद्ध संपले आणि कापसाचे भाव कोसळले.

पण समजा रेल्वे आणखी वीस वर्षे उशिरा आली असती, तर? माझ्या मते तरीही ही योजना नीट चालली नसती. कारण शोधण्यासाठी थोडे गणित करू.

पहिली शंका अशी येते, की जलपाशाला फार पाणी लागत असेल. हौद ३० मीटर लांब, ६ मीटर रुंद आणि चढ ३ मीटर मानला, तर एका खेपेला ५४० घनमीटर, म्हणजे ५ लाख ४० हजार लिटर पाणी खाली जाते. आकडा मोठा वाटतो. पण सेकंदाला १ घनमीटर पाणी वाहून आणणारा छोटा कालवासुद्धा हा हौद ९ मिनिटांत भरतो. म्हणजे अडचण जलपाशाची नव्हती.

अडचण होती दोन जलपाशांच्या मधल्या नदीची. समजा उन्हाळ्यात नदीत सेकंदाला ५० घनमीटर पाणी आहे, आणि ते सेकंदाला अर्धा मीटर वेगाने वाहते आहे. पात्र ६० मीटर रुंद असेल, तर खोली किती? ५० भागिले ३०, म्हणजे सुमारे १.७ मीटर. मालाची नाव आरामात चालेल. आता तेच पाणी, त्याच वेगाने, १ किलोमीटर रुंद पात्रात सोडा. खोली येते ५० भागिले ५००, म्हणजे १० सेंटिमीटर! घोटाभर पाणी. प्रत्यक्षात पाणी सगळ्या पात्रभर पसरत नाही. एखाद्या बाजूच्या धारेत गोळा होते. पण वाळूतून वाट काढणारी ती धार दर पावसाळ्यानंतर जागा बदलते. नावाड्याने भरवसा ठेवायचा तो कशावर?

मग गोदावरीने एवढे रुंद पात्र केलेच कशाला? इथे खरी मेख आहे. नदीचे पात्र उन्हाळ्याच्या पाण्याने घडत नाही, पुराच्या पाण्याने घडते. लंडनला वर्षाला साधारण ६०० मिलिमीटर पाऊस पडतो. नाशिक जिल्ह्याच्या अवर्षणग्रस्त पूर्व भागातला वर्षाचा पाऊसही याच्या आसपासच आहे. पण लंडनचा पाऊस बारा महिन्यांत थोडा थोडा पडतो, आणि आपला चार महिन्यांत. त्यातही मोजक्या दिवसांत. टेम्सचा नोंदलेला सर्वात मोठा पूर १८९४ मधला, सेकंदाला सुमारे ८०० घनमीटरचा. गोदावरीला ऑगस्ट १९८६ मध्ये धवळेश्वरमला आलेला पूर ३५ लाख क्युसेक, म्हणजे सेकंदाला जवळजवळ १ लाख घनमीटरचा होता. शंभरपटीहून अधिक! असे पाणी वाहून न्यायला रुंद पात्रच हवे. आणि तेच पात्र उन्हाळ्यात उथळ पडते. पात्राची रुंदी पावसाळा ठरवतो आणि खोली उन्हाळा.

टेम्सप्रमाणे जागोजाग बंधारे घालून खोली का मिळवली नाही, असे कोणी विचारील. दुम्मागुडेम ते इंचमपल्ली हे नदीचे अंतर शंभर किलोमीटरहून अधिक. तेवढ्यात अनेक बंधारे लागले असते आणि त्यातला प्रत्येक लाख घनमीटरच्या पुराला टिकणारा हवा होता. शिवाय बंधाऱ्यामागे पाण्याबरोबर गाळही थांबतो. हे पाहायला चांदवडकरांना दूर जायला नको. शेजारच्या निफाड तालुक्यात नांदूर मधमेश्वरला गोदावरीवर १९०७ ते १९११ या काळात कालव्यांसाठी बंधारा झाला. त्यामागे इतका गाळ साठला, की पाण्यात बेटे तयार झाली, त्यांवर पाणवनस्पती वाढल्या. जिथे पाणी साठवायचे होते, तिथे आज उथळ दलदल आहे. पक्ष्यांना ती मानवली. १९८६ मध्ये तिथे अभयारण्य झाले आणि २०२० मध्ये महाराष्ट्रातले पहिले रामसर पाणथळ स्थळ म्हणून त्याची नोंद झाली. पण नावेच्या दृष्टीने पाहिले तर तिथे वाटच उरली नसती.

मग कॉटनचे धवळेश्वरमचे कालवे कसे चालले? तिथे नावा नदीत नव्हत्या, कालव्यात होत्या. कालव्याच्या तोंडाशी दारे होती. आत किती पाणी घ्यायचे ते माणूस ठरवत होता, पूर बाहेरच राहत होता. म्हणजे कॉटनने आपल्या कालव्यांत एक छोटी टेम्सच तयार केली होती. तीच युक्ती मूळ नदीत चालेल, हा हिशेब चुकला. जलपाश वाईट नव्हता आणि इंजिनिअर अडाणी नव्हते. त्यांनी नदीची लांबी, उतार आणि खडक मोजले. पण वर्षभरातली नदी एकच नसते, ही गोष्ट त्यांच्या योजनेत पुरेशी उतरली नाही.

हा इतिहास का शिकवायचा?

कारण ही गोष्ट संपलेली नाही. २०१६ च्या राष्ट्रीय जलमार्ग कायद्यात गोदावरीचा जलमार्ग थेट नाशिकपर्यंत दाखवला आहे. त्या मुलाचा प्रश्न आता कायद्याच्या कागदावर आहे! प्राणहितेच्या संगमाखाली, सिरोंचासमोर, तेलंगणाने मेडिगड्डा येथे ८५ दारांचे धरण बांधले. २०१९ मध्ये त्याचे उद्घाटन झाले आणि ऑक्टोबर २०२३ मध्ये त्याचे काही खांब खचले. त्याच्या फुगवट्याच्या पाण्याने शेते बुडतात, अशी सिरोंचा भागातील शेतकऱ्यांची तक्रार आहे. इंचमपल्लीला मोठे धरण बांधण्याचा विचार तर कित्येक दशके चालू आहे. ज्या खडकांपाशी हेगचे काम रखडले, तिथेच पुन्हा नवे आराखडे येत आहेत. त्यांतले काही चांगले असतील, काही नसतील. आपल्या विद्यार्थ्यांपैकीच कोणीतरी उद्या ते तपासणार आहे, किंवा त्यात आपले शेत गमावणार आहे. दोघांनाही विचारता यावा असा प्रश्न एकच: हा आराखडा नदीच्या कोणत्या महिन्यासाठी काढला आहे?

वर्गात दोन गोष्टी करता येतील. एक, प्लास्टिकच्या लांबट ट्रेमध्ये पुठ्ठ्याच्या दोन आडव्या भिंती मातीने पक्क्या बसवून जलपाश करावा. प्रत्येक भिंतीला तळाशी भोक पाडून मेणाने बुजवावे. मेण काढून वरचे पाणी मधल्या हौदात सोडले, की कागदी होडी हौदात वर चढते. मुलांना ते पाहायला फार आवडते. दुसरी गोष्ट वेळखाऊ आहे, पण अधिक मोलाची. गावाजवळच्या ओढ्याच्या पुलाच्या खांबावर रंगाने सेंटिमीटरच्या खुणा कराव्या आणि वर्षभर दर आठवड्याला पाण्याची पातळी नोंदवावी. पावसाळ्यात हे काम शिक्षकांनी पुलावरूनच करावे, मुलांना पाण्यात उतरवू नये. वर्षाअखेर आलेख काढला, की जूनपर्यंत तळाशी सरपटणारी रेघ एकदम आभाळात जाते आणि दिवाळीनंतर पुन्हा खाली येते.

त्या आलेखाशेजारी टेम्सचा आलेख काढून लावला, तर त्या मुलाच्या प्रश्नाचे उत्तर त्याला कोणी वेगळे सांगावे लागणार नाही.